पसंतीच्या मतासाठी सह्या

डोळे पुरते जायच्या आधी एकदा तरी मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे आकडे घालावेत, एवढीच माझी इच्छा होती. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला पुढारी व्हायचंय. वाटो. मी कुणाला खुलासे देत बसत नाही. हे लिहितोय ते जाड मार्करने, एका पानावर चार-पाच ओळी मावतात, आणि कुठलं अक्षर कुठे गेलं ते मला नीट दिसत नाही. सून म्हणाली, बाबा, तुम्ही बोला, मी टाईप करते. मी म्हटलं, माझं मी लिहीन, तू नंतर हवं तर टाईप कर.

मूळ दुखणं जुनं आहे. आमच्या तालुक्याच्या गावी अधूनमधून एक निवडणूक यायची, तिचा गावात कुणाला पत्ताही नसायचा. भोंगा नाही, पत्रकं नाहीत. विधान परिषदेची, पदवीधरांची. तिला मत फक्त डिग्रीवाल्याला. माझा थोरला भाऊ इंजिनियर झालेला, त्याचं नाव यादीत. मी चौथी करून तेलाच्या घाण्यावर लागलेलो. एकदा त्याच्याबरोबर शाळेपर्यंत गेलो आणि त्याची सायकल धरून बाहेर उभा राहिलो. तो आत जाऊन आला. मी विचारलं, ‘‘ठप्पा कुणावर मारलास?’’

‘‘यात ठप्पा नसतो रे. पसंती असते. पहिल्या पसंतीच्या माणसापुढे एक लिहायचं, दुसऱ्यापुढे दोन. पहिला पडला तर मत दुसऱ्याला जातं, वाया जात नाही.’’

‘‘मग आकडे तर मलाही येतात की.’’

‘‘येतात रे. पण डिग्री लागते.’’

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. सायकलवर टांग मारून तो पुढे गेला आणि मी मागनं चालत आलो. पण ते माझ्या मनाला लागलं ते लागलंच. एक दोन तीन लिहायला डिग्री कशाला? आमच्या घाण्यावरचा हमालसुद्धा पोत्यांवर आकडे घालायचा.

पुढे त्याच भावाने मला इकडे आणलं. डेट्रॉइटच्या बाजूला एका कारखान्यात गाडीच्या दाराची आतली अस्तरं दाबायच्या प्रेसवर मी जन्म काढला. नागरिक झालो. परीक्षेला बसलो तेव्हा साहेबाने इंग्रजीत एक वाक्य लिहायला सांगितलं, ते लिहिलं, आणि खाली सही मराठीत ठोकली. तो म्हणाला, हे काय? मी म्हटलं, हे माझं नाव. त्याने मान डोलावली. त्यानंतर एकही मतदान मी चुकवलं नाही. पण इथलं मतदान म्हणजे दोन पक्ष आणि एका नावापुढचा गोळा काळा करायचा. आवडता माणूस तिसराच असला तर आमच्या प्रेसवरचे लोक हसायचे, म्हणायचे, घातलंस ना मत खड्ड्यात? वर्षानुवर्षं मी नावडत्यातला कमी नावडता निवडत आलो. घरी येऊन बायकोला सांगायचो, आज पुन्हा कडू औषध पिऊन आलो.

तर अशात मला कळलं की आमच्या राज्यात ही पद्धत बदलायची म्हणून लोक सह्या गोळा करतायत. पुरेशा सह्या झाल्या तर तो प्रश्न सगळ्या राज्यापुढे मताला ठेवायचा. तो पास झाला तर पुढच्या निवडणुकांना सगळ्यांनी आकडे घालायचे. डिग्री असो नसो. आमच्या ट्रॉय गावच्या लायब्ररीत एका खोलीत त्याची मीटिंग होती. मी जाऊन बसलो. डोळ्यांच्या डॉक्टरणीने त्याच महिन्यात सांगितलं होतं की डावा गेल्यात जमा आहे आणि उजव्याचं सांगता येत नाही, सुया देत राहू. मला दाराची चौकट पोट सुटल्यासारखी दिसायला लागली होती. सरळ रेघ मध्येच वाकायची. म्हणून मला घाई होती. बाकीचे लोक लोकशाहीसाठी आले होते. मी माझ्या डोळ्यांसाठी आलो होतो.

सह्या कशा घ्यायच्या ते शिकवणारी बाई पांढऱ्या केसांची, लायब्ररीतनंच रिटायर झालेली, गोरी. हळू बोलायची, त्यामुळे मला सगळं कळलं. नियम थोडेच होते. सही करणारा इथला नोंदलेला मतदार पाहिजे. ज्याची त्याने स्वतः सही करायची, दुसऱ्याची नाही. सही घेणाऱ्याने समोर उभं राहून बघायचं. आणि कागद भरला की खाली आपली सही करायची. ती सही म्हणजे शपथ. या सगळ्या सह्या माझ्यासमोर झाल्या आणि माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत, अशी. खोटं निघालं तर गुन्हा.

ती खालची जागा बघून मला बरं वाटलं. अंगठेबहाद्दर माणसाच्या पोटी जन्मलो मी. माझ्या शब्दावर सरकार कागद उचलणार होतं.

पहिली सही मी घरात घेतली, बायकोची. ती म्हणाली, ‘‘मला कुठे इंग्रजी येतं?’’

‘‘नाव येतं ना? तेवढं बास.’’

डायनिंग टेबलावर बसून तिने एकेक अक्षर असं काढलं की चहा निवला. मग पेन खाली ठेवून विचारलं, ‘‘पण मी पहिला आकडा कुणाला घालीन ते तुम्हाला सांगायचं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग चांगलं आहे हे,’’ ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

आता व्याह्यांचं. माझ्या सुनेचे वडील. पुण्याच्या बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, मग लेकीमागे इकडे येऊन बायकोसकट नागरिक झालेले. लेकीच्या घरात राहायचं नाही म्हणून जवळच अपार्टमेंट घेऊन राहतात, ते दोघं. आम्ही मुलाकडे. माझे डोळे बिघडल्यापासून मी गाडी चालवत नाही, बायकोला येत नाही, मुलगा-सून कामावर. या गावात गाडी नसलेला माणूस म्हणजे कुंडीतलं झाड. कुणी उचलून ठेवील तिथे. मला उचलून ठेवायचं काम व्याह्यांनी आपणहून घेतलं. शर्ट खोचलेला, भांग पाडलेला, बरोब्बर वेळेवर येऊन हॉर्न वाजवायचे. इंडियन ग्रोसरीपुढे मला उतरवायचे आणि स्वतः हीटर लावून गाडीत फोनवर पेपर वाचत बसायचे. मध्येच काच खाली करायचे.

‘‘काय साहेब, लागला का निकाल?’’

‘‘सह्या चालल्यात.’’

‘‘तुमचं हे पसंतीप्रकरण म्हणजे पोळ्या लाटायच्या आधीच वाढायला बसण्यातला प्रकार. आधी लोकांना एक मत तरी धड देऊ दे.’’

‘‘तुम्ही पेपर वाचा.’’

चेष्टा करायचे, पण येताना थर्मासमधनं चहा आणायचे माझ्यासाठी. हे सांगितलंच पाहिजे.

ग्रोसरीपुढे उभं राहायचं म्हणजे अपमान गिळायची तयारी पाहिजे. लोकांना वाटतं म्हातारा काहीतरी मागतोय. हातातल्या कोथिंबिरीच्या जुड्या सांभाळत लांबूनच मान हलवतात. नागपूरचा एक आयटीवाला पोरगा मात्र थांबला. सगळं ऐकून म्हणाला, ‘‘काका, कॉन्सेप्ट भारी आहे यार. पण मी तर व्हिसावर. सही करू का तरी? फील येईल.’’

‘‘नको रे बाबा. तुझ्या फीलमुळे माझा कागद जाईल.’’

‘‘मग मी नुसता तुमच्याशेजारी उभा राहू का?’’

‘‘राहा. तेवढा वारा अडेल.’’

इथेच जन्मलेली आपली पोरं मतदार असतात, पण ती थांबत नाहीत. एक मुलगी, चेहऱ्यावरून आपलीच, मी मराठीत बोलल्यावर म्हणाली, ‘‘आय ॲम गुड काका, थँक यू सो मच,’’ आणि गाडीत बसून गेली. मग समजलं की ‘आय ॲम गुड’ म्हणजे नको. एक दाढीवाला गोरा म्हणाला हा सगळा फसवायचा डाव आहे. त्याच्याशी मी माझ्या तोडक्या इंग्रजीत भांडलो. सही दिली नाही त्याने, पण जाताना हात मिळवून गेला. अशा रोज थोड्या-थोड्या सह्या व्हायच्या. कागदावरच्या रेघा मला वाकड्या दिसायच्या, म्हणून प्रत्येकाला मी ओळीवर बोट ठेवून दाखवायचो, इथे, इथे.

सगळी भिस्त दिवाळीवर होती. आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असतो. आख्खं गाव जमतं. वर्षानुवर्षं इथे राहिलेली, नागरिक झालेली माणसं, म्हणजे एका ठिकाणी सगळे मतदार. अध्यक्षबाई म्हणाल्या, काका, मंडळात राजकारण नको. मी म्हटलं, यात पक्षच नाही. पक्ष नसेल तर राजकारण कसं? व्याह्यांनी मध्ये पडून बँकेतल्या गोड भाषेत त्यांना पटवलं आणि फराळाच्या शेजारी मला एक टेबल मिळवून दिलं. तेही सांगितलं पाहिजे.

त्या दिवशी मी लोकांना समजावायचा सोपा मार्ग काढला होता. म्हणायचो, मुलीसाठी स्थळं बघताना एकच धरून बसतो का आपण? पहिलं जमलं नाही तर दुसरं असतं की नाही मनात?

‘‘काका, बायकोपुढे दुसरी पसंती विचारताय?’’ एकाने चकली मोडत म्हटलं. त्याची बायको म्हणाली, ‘‘सांग सांग, मीही लिहिते माझी.’’ हशा झाला, आणि त्या हशावर दोघांच्याही सह्या झाल्या. दुपार चांगली चालली होती. कागद भरत आला होता. मला मनातनं वाटायला लागलं होतं की हे होणार. मी आकडे घालणार.

तेवढ्यात व्याही आले, माझ्या बाजूला गर्दी बघून खूष. ‘‘सरका, सरका, आता घरच्या माणसांची घ्या,’’ म्हणाले. पेन घेतलं, बँकेतली झोकदार सही केली, नाव-पत्ता, तारीख. मी पुढच्या माणसाकडे बघायला मान वळवली आणि परत वळवली तर हे खालच्या ओळीवर लिहीत होते. मी वाकून अगदी नाकाला कागद लावून बघितला. विहीणबाईंचं नाव.

‘‘हे काय करताय?’’

‘‘हिची करतोय. ती तिकडे लाडू वाढतेय.’’

‘‘त्यांना बोलवा.’’

‘‘अहो, लाडू वाढतेय म्हटलं ना. एकच आहे. तिची सही मीच करतो कायम. बँकेत, टॅक्सला, सगळीकडे. एवढी वर्षं सरकारला चालतंय, तुम्हाला चालत नाही?’’

‘‘टॅक्स तुमचा दोघांचा असेल. मत त्यांचं एकटीचं आहे.’’

‘‘वा!’’ मागे लोक थांबलेले, त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, ‘‘आमचे व्याही आता आम्हाला बायकांचे हक्क शिकवणार.’’

लोक हसले. मला लोकांच्या हसण्याचं काही वाटत नाही. पण खाली माझी सही व्हायची होती. समोर दुसऱ्याच्या नावाची सही होताना बघायची आणि खाली लिहायचं की सगळ्या खऱ्या आहेत? मी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. एका रेघेने, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाईंनी शिकवलं होतं तसंच.

व्याह्यांचं तोंड पडलं. माझ्यासारखा चौथी शिकलेला माणूस चारचौघांत त्यांचं लिहिलेलं खोडतो, असं त्यांच्याशी आयुष्यात कुणी केलं नसेल. ते हळू म्हणाले, ‘‘बायकोचं नाव खोडलंत तुम्ही माझ्या.’’

‘‘कागदावरची ओळ खोडली. नाव त्यांचं त्यांच्याजवळ आहे.’’

‘‘मग माझीही खोडा.’’

‘‘तुमची तुम्ही केलीय. ती मी खोडणार नाही.’’

त्यांनीच माझ्या हातातलं पेन घेतलं आणि आपली सही खोडली, दोनदा, फाटेपर्यंत. मग रांगेतल्या एकाने सांगितलं की त्याने मघाशी बायकोची केली होती, तीही बघा. दुसरा म्हणाला, मी तर आईचीपण केली. असं एकेक बाहेर यायला लागलं. आपल्याकडे घरातला कर्ता सगळ्यांची करतो, त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, आणि मी प्रत्येकाचा हात बघायला पुरा पडलो नव्हतो. डोळे तेवढे चालत नव्हते. मी विचारत गेलो आणि ओळी खोडत गेलो. काही जण चिडले. अध्यक्षबाई आल्या आणि म्हणाल्या, काका, प्लीज, आता टेबल आवरा, आपला कार्यक्रम सुरू होतोय. शेवटी त्या कागदावर खोडलेल्याच ओळी जास्त राहिल्या. तरी उरलेल्या खऱ्या होत्या. मी खाली सही केली, मराठीत.

घरी आम्ही मुलाच्या गाडीने आलो. बायको एवढंच म्हणाली, ‘‘हळू सांगता आलं असतं.’’

‘‘हळू सांगायला वेळ कुठे होता? पेन चाललं होतं त्यांचं.’’

‘‘बरं बाई,’’ ती म्हणाली आणि खिडकीकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला माहीत होतं वाजणार नाही. मुलगा म्हणाला, बाबा, एक फोन करा, सॉरी म्हणा, संपेल. मी म्हटलं, कशाबद्दल सॉरी? तो म्हणाला, ‘‘बाबा, यू आर राइट, पण राइट असून राइड मिळत नाही.’’ पोराला बोलता येतं. राइड नाही तर नाही. मी बसने जायला लागलो.

ट्रॉयमध्ये बसने जाणं काय असतं ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. बहुतेकांना बस आहे हेच माहीत नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेला एक खांब, त्याला पाटी, ना छप्पर ना बाकडं. फुटपाथ मध्येच संपतो. बर्फ पडल्यावर नगरपालिका रस्ता साफ करते आणि तो ढीग नेमका खांबाशी येतो. मी त्या ढिगावर उभा राहायचो, पिशवीत कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. बसवर लिहिलेलं मला वाचता यायचं नाही, म्हणून येईल त्या मोठ्या गाडीला हात करायचो. एकदा कचऱ्याच्या गाडीला केला. ती थांबलीसुद्धा. ड्रायव्हर हसला आणि काहीतरी बोलून गेला, मला कळलं नाही.

ग्रोसरीपुढे पोचेपर्यंत बोटं बधिर व्हायची. थंडीत कुणी हातमोजा काढून पेन धरत नाही. पेनची शाई गोठायची, ते मी काखेत धरून ठेवायचो. आणि आता आपली मराठी माणसं मला बघून दुसऱ्या दाराने आत जायला लागली. कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण बोललं जात होतं की काका लोकांच्या बायकांची नावं खोडतात. नागपूरचा पोरगा एकदा भेटला. म्हणाला, ‘‘काका, तुमच्यावर ग्रुपवर जोक चाललेत.’’ मी म्हटलं, ‘‘मला वाचून दाखवू नकोस.’’ त्याने फोन खिशात घातला आणि माझ्यासाठी आतून कॉफी आणली. त्या आठवड्यात एका हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या सह्या झाल्या.

मग एका दुपारी लायब्ररीतल्या बाईंचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. राज्यभरातून सह्या कमी पडल्या होत्या, थंडीत त्या भरून निघणार नव्हत्या, म्हणून वरच्यांनी हे थांबवायचं ठरवलं होतं. या वेळच्या निवडणुकीत हा प्रश्न येणार नाही. बाई म्हणाल्या, तुमचे कागद फार स्वच्छ होते, आमच्या लोकांनी तपासले, एकही सही खोटी निघाली नाही. मी थँक यू म्हटलं. मग त्या म्हणाल्या, आम्ही पुन्हा प्रयत्न करू, पुढच्या वेळी, दोनेक वर्षांनी. तुम्ही याल ना?

मी म्हटलं, ‘‘येस. शुअर.’’

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, ‘‘काय म्हणाल्या?’’

‘‘दोन वर्षांनी बोलावलंय.’’

‘‘आणि तुम्ही हो म्हणालात?’’

ती कणीक मळत होती, मळत राहिली. दोन वर्षांनी मला मतपत्रिका दिसणार नाही हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आधीच्या आठवड्यात डॉक्टरणीने भिंतीवरचं अक्षर दाखवून विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, कुठलं अक्षर?

थोड्या दिवसांनी नातीचा वाढदिवस आला, आमच्याच घरी. व्याही-विहीण येणारच. लेकीचं घर आहे. व्याही आले, मला नमस्कार केला, हाफ नमस्कार, हातात गिफ्ट असल्यासारखा, आणि सोफ्याच्या त्या टोकाला बसले. मी या टोकाला. मध्ये फुगे. मला तिथे बसवेना म्हणून मी पाणी प्यायला किचनमध्ये गेलो. विहीणबाई एकट्याच होत्या, पावभाजीवर घालायला कांदा चिरत होत्या. दिवाळीनंतर त्यांच्याशी बोललो नव्हतो. मी म्हटलं, ‘‘त्या दिवशी तुमचं नाव खोडावं लागलं. तुमच्यावर राग नव्हता.’’

त्यांनी सुरी थांबवली. दाराकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘‘बरं केलंत.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मी सही केलीच नसती. मला नाही पटत ते तुमचं. एकाला द्यावं मत, ठाम द्यावं. दोघा-तिघांना वाटत बसायचं म्हणजे कुणालाच नाही दिल्यासारखं.’’

मी तर चाटच पडलो. इतके महिने मी थंडीत उभा राहून गोऱ्या-काळ्यांशी वाद घातला आणि माझ्याच घरच्या बाईचं मत मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘‘अहो, पण ते वाटणं नाही. पहिला पडला तरच...’’

‘‘कळलंय मला. यांनी गाडीत तुमच्या तोंडचं सगळं मला ऐकवलंय. कळलंय आणि नाही पटलेलं.’’

राज्यभर मताला गेलं असतं तर बाईंनी विरोधात मत दिलं असतं. त्यांचा नवरा त्यांच्या नावाने माझ्या बाजूला सही करत होता. मी बरोबर होतो. असा बरोबर मी आयुष्यात क्वचितच असेन. छाती भरून आली माझी, हे कबूल. बाहेर जाऊन सोफ्याच्या त्या टोकाला हे ऐकवलं असतं तर व्याह्यांचा खोचलेला शर्ट बाहेर आला असता.

‘‘पण यांना सांगू नका हं भाऊ,’’ विहीणबाई म्हणाल्या. ‘‘उगीच घरात. त्यांना वाटतं माझं-त्यांचं एकच असतं. वाटू दे. मत द्यायला आत मी एकटीच असते.’’

त्या मला कधी भाऊ म्हणत नाहीत. मी म्हटलं, ‘‘नाही सांगणार.’’

बाहेर केक कापला. माणसं बरीच होती, मंडळातलीही. हातात पेपर प्लेटी. कुणीतरी माझ्या सह्यांचं विचारलं आणि मी सांगितलं की बंद झालं, कमी पडल्या. तेव्हा त्या टोकावरून व्याही म्हणाले, ‘‘एक ओळ खोडलीत हो तुम्ही. ती ठेवली असती तर पास नसतं झालं?’’

सगळे हसले. माझा मुलगासुद्धा हसला. विहीणबाई व्याह्यांच्या प्लेटमध्ये पाव वाढत होत्या, त्यांचा हात तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. प्रेसवर एका फोरमनला मी असल्या एका वाक्यावरून हात धरून ऑफिसात नेला होता. बायको स्वयंपाकघराच्या दारातनं माझ्याकडे बघत होती, आता हा काय बोलतो म्हणून. मी म्हटलं, ‘‘नसतं झालं. लई कमी होत्या.’’ आणि केक खाल्ला. चॉकलेटचा होता, मला आवडत नाही.

व्याह्यांना वाटलं मी नमलो. त्यामुळे त्यांचा राग उतरला. माणूस जिंकला की मोठ्या मनाचा होतो. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, मुलाची मीटिंग, तर सकाळी बाहेर हॉर्न वाजला. मी कोट घालून निघालो. गाडीत थर्मास होता.

डॉक्टरणीने मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, बराच वेळ बघितलं. म्हणाली की उजव्या डोळ्याला सुयांचा आता उपयोग होत नाहीये, तर त्या थांबवू. घरात लाइट वाढवा, मोठ्या अक्षराची यंत्रं मिळतात, एक बाई येऊन शिकवेल. ती चांगली बाई आहे, माझा हात धरून बोलली. मी म्हटलं, ओके.

परत येताना पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होतं. व्याह्यांनी विचारलं, ‘‘काय म्हणाली?’’

‘‘सुया बंद केल्या.’’

‘‘अरे वा, म्हणजे सुधारलं की!’’

मी ते तसंच राहू दिलं. थोडं पुढे गेल्यावर सिग्नलला गाडी थांबली. ते म्हणाले, ‘‘ऐकलं की दोन वर्षांनी परत आणणार आहेत तुमचं पसंतीप्रकरण. सांगून ठेवतो, या वेळी मी पहिली सही करतो. खोडायची नाही.’’

‘‘करा. तुमच्या एकट्याची करा.’’

‘‘आणि हिची?’’

‘‘त्यांना विचारा.’’

ते हसले. मोठ्याने हसले, स्टिअरिंगवर हात मारून. त्यांना ती चेष्टा वाटली.